छत्तीस पायऱ्यांचा हिशेब

तुरीचे पोते गिरणीत गेले म्हणजे त्यातून डाळ किती निघावी, हे आपल्या धंद्यातील प्रत्येकास तोंडपाठ असते. शंभर किलो तुरीमागे सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ हाती लागते. बाकीचे टरफल, चुणी, चुरा आणि थोडे वाऱ्यावर. साखरेच्या धंद्यात या प्रमाणास उतारा म्हणतात. आता अशी कल्पना करावी की, ही डाळ पुन्हा दुसऱ्या गिरणीत घालावयाची आहे, तेथून तिसरीत, आणि अशा छत्तीस गिरण्या ओलांडल्याखेरीज माल विकण्याजोगा होत नाही. शिवाय प्रत्येक गिरणी आपला वाटा ठेवून घेते. असा धंदा आपणांपैकी कोणी पत्करील काय? परंतु जगात असा धंदा आहे, आणि आपल्या घरोघरची औषधांची कपाटे त्याच्यावरच भरलेली आहेत.

संपादक महाशयांनी या वर्षीच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे कडधान्यांच्या बाजारपेठेवर लेख मागितला होता. त्या विषयावर मी यापूर्वी तीन वेळा लिहिले असून, चौथ्याने लिहावे असे नवे काही बाजाराने घडविलेले नाही. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी परक्या प्रांतात शिरत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, रविवार पेठेत पोती मोजणारा मनुष्य. रसायनशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की, एका गोळीपायी आमच्या घरात एकदा मोठा पेच उभा राहिला आणि तो सुटेपर्यंत मला हे शास्त्र थोडेफार समजून घ्यावे लागले.

सन १९७९ च्या पावसाळ्यात माझ्या आईचे सांधे धरले. बोटे वळेनात, जपमाळेचे मणी ओढता येईनात. सकाळी चूल पेटवावयाची तर काडीपेटीची काडी हाती धरवेना. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या घरी आल्या त्याच दिवशी शेजारच्या एका कंपाउंडराने सहज बोलता बोलता सांगितले की, ही औषधांची जात बैलाच्या पित्तापासून काढतात. झाले! आईने गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. "बैलाच्या पित्तावर मला उठून बसायचं नाही," एवढेच ती म्हणाली, आणि त्यानंतर दोन महिने कोणाच्याही विनवणीने तिचा निश्चय ढळला नाही.

माझे एक मामेबंधू त्या वेळी पुण्यास रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. दिवाळीच्या सुट्टीत ते आले, तेव्हा वडिलांनी त्यांना गादीवर बसवून सरळ प्रश्न केला, "गोळीत बैल आहे की नाही, तेवढं सांग." मामेबंधूंनी सरळ उत्तर दिले नाही. त्यांनी जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानावर एकमेकांस चिकटलेल्या तीन षट्कोणी खोल्या व एक पंचकोनी खोली काढली, भिंतींच्या कोपऱ्यांवर आकडे घातले आणि म्हणाले, "काका, गोळी कशापासून केली हे गोळीकडे पाहून कळत नाही. ती कोणत्या वाटेने आली, हे विचारावं लागतं." त्या रात्री आणि पुढे चाळीस वर्षे, ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा तेव्हा, या वाटांविषयी मी त्यांना विचारीत आलो. या लेखात जे बरोबर असेल ते त्यांचे, आणि उपमा तेवढ्या माझ्या.

सेंद्रिय रसायनातील रेणू म्हणजे मुख्यत्वे कार्बनच्या अणूंनी बांधलेले घर. निसर्ग अशी घरे झाडांत, प्राण्यांत, बुरशीत बांधीत असतो. तेच घर मनुष्याने आपल्या हाताने, साध्या आणि स्वस्त पदार्थांपासून, एकेक भिंत उभारीत बांधावयाचे, याला संश्लेषण म्हणतात. एका अभिक्रियेत क्वचितच एकाहून अधिक बदल होतो. म्हणून मोठ्या घराला दहा, वीस, पन्नास पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीनंतर माल शुद्ध करून घ्यावयाचा, वजन करावयाचे, आणि पुढच्या भांड्यात घालावयाचे.

येथे आपले गणित उपयोगी पडते. प्रत्येक पायरीचा उतारा शंभरास नव्वद, म्हणजे कोणाही गिरणीवाल्यास हेवा वाटावा असा, धरला तरी दहा पायऱ्यांनंतर शंभरांतले पस्तीसच उरतात. वीस पायऱ्यांनंतर बारा. आणि छत्तीस पायऱ्यांनंतर जेमतेम सव्वादोन. उतारा ऐंशीवर आला तर छत्तीस पायऱ्यांच्या अखेरीस दहा हजारांत तीन भाग राहतात. तूट वजाबाकीने नव्हे तर गुणाकाराने वाढते, ही गोष्ट व्याजाचा धंदा करणाऱ्यांस समजावून सांगावयास नको. चक्रवाढ व्याज येथे उलटे फिरते, इतकेच.

तेव्हा वाट आधी कागदावर आखावी लागते, आणि ती आखण्याची रीत मला फार मोठी वाटली. सामान्य मनुष्य हाती काय आहे तेथून विचार करू लागतो: माझ्याजवळ अमुक माल आहे, त्याचे काय होईल? रसायनशास्त्रज्ञ शेवटापासून मागे येतो. आपल्या घरात लग्न निघाले म्हणजे आपणही असेच करतो. मुहूर्ताच्या दिवसापासून मागे मोजीत येतो: लाडू किती दिवस आधी वळावयाचे, त्यासाठी बेसन कधी दळावयाचे, त्यासाठी हरभरा कधी भरडावयाचा. आजच्या दिवसापाशी येऊन पोचलो म्हणजे यादी तयार.

या रीतीचे एक जुने आणि सुंदर उदाहरण इंग्लंडातील रॉबर्ट रॉबिन्सन यांचे आहे. ट्रोपिनोन नावाचा एक पदार्थ आहे. धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींत सापडणाऱ्या, डोळ्याची बाहुली मोठी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅट्रोपिनाशी त्याचे जवळचे नाते आहे. जर्मनीतील रिचर्ड विलश्टेटर यांनी तो १९०१ च्या सुमारास बनविला होता. सात कार्बनांच्या एका कड्यापासून आरंभ करून, एकामागून एक पायऱ्या चढत ते शेवटास पोचले, तेव्हा सर्व मिळून उतारा शंभरास पाऊण होता. कर्तृत्व थोर, पण असा माल घेऊन बाजारात बसता येत नाही. १९१७ साली रॉबिन्सन यांनी त्याच रेणूकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहिले. त्याची दोन अंगे सारखी आहेत हे हेरून, कोणत्या सांध्यांवर तो मनातल्या मनात पाण्याने फोडला असता त्याचे लहान, परिचित तुकडे पडतील, हे त्यांनी कागदावर पाहिले. तीन तुकडे पडले, तिन्ही साधे. मग तेच तीन, त्यांपैकी एकाचे रूप थोडे बदलून, एकाच भांड्यात पाण्यात घातले. आणि ट्रोपिनोन तयार झाले. पहिल्या खेपांत उतारा बेताचाच होता, पुढे सुधारणा होता होता तो नव्वद टक्क्यांच्या पलीकडे गेला. आधी मनात फोडावयाचे आणि मग हाताने जोडावयाचे, हा सारा प्रकार मला चांगल्या सुताराचा वाटतो.

तथापि रॉबिन्सन यांची ती एक झेप होती. त्या झेपेची शिकवता येण्याजोगी पद्धत केली ती अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ई. जे. कोरी यांनी, १९५० नंतरच्या आणि १९६० नंतरच्या दशकांत. त्यांनी यासाठी एक निराळा बाण रूढ केला. दुहेरी रेघेचा, उलट्या अर्थाचा. साधा बाण सांगतो, यापासून हे होते. हा बाण सांगतो, हे यापासून करता येईल. नियम कडक आहे. ज्या सांध्यावर मनातली सुरी ठेवावयाची, तो सांधा प्रत्यक्षात पुन्हा जोडण्याची रीत ठाऊक असली पाहिजे. नाहीतर तोडणे सोपे आणि जोडणे अशक्य, असा घरफोड्या न्याय व्हावयाचा. अशा रीतीने एका रेणूमागे दोन-तीन पर्याय, त्या प्रत्येकामागे आणखी दोन-तीन, असा वंशवृक्ष वाढत जातो, आणि त्याची प्रत्येक फांदी बाजारात किलोने विकत मिळणाऱ्या एखाद्या पदार्थापाशी येऊन थांबते. तेथे रसायन संपते व खरेदी सुरू होते. कोरी यांना या कामाबद्दल १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीचे जे पहिले ठळक उदाहरण सांगतात, त्याचा आपल्या देशाशी आणि पुण्याशी संबंध आहे. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या चीड झाडाच्या टर्पेंटाइनात लाँगिफोलीन नावाचे द्रव्य असते. पंधरा कार्बन, तीन कडी, आणि ती एकमेकांत अशी गुंतलेली की टोपलीचा वेत कोठून सुरू झाला ते कळू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांनी या द्रव्याच्या रसायनावर पुष्कळ वर्षे काम केले. कोरी यांनी त्याच्या संश्लेषणाचा बेत आखताना प्रत्येक बंध तपासून, कोणता एक बंध तोडला असता सारे जाळे सर्वांत अधिक सैल होते, ते शोधून काढले; आणि १९६१ साली काम सिद्धीस नेले. त्या निबंधावर चौघांची नावे आहेत. त्यांत मित्र आणि वटकंचेरी ही आपल्याकडची दोन वाचून मला उगीचच घरच्यासारखे वाटले.

बेत आखताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या व्यापाऱ्याच्या पोरास लवकर कळतात. ज्या पायरीचा भरवसा नाही, ती आरंभी घ्यावी. आरंभी माल स्वस्त असतो, फसला तरी थोडक्यात निभावते. तीसाव्या पायरीवर भांडे फुटले तर एकोणतीस पायऱ्यांची मजुरी जमिनीवर सांडते. दुसरे, सगळे काम एका रांगेत लावू नये. दहा अभिक्रिया एकापुढे एक लावल्या आणि प्रत्येकीचा उतारा ऐंशी धरला, तर अखेरीस शंभरास पावणेअकरा उरतात. तेच घर दोन अर्ध्या भागांत, एक भाग पाच पायऱ्यांत व दुसरा चारांत, निरनिराळे बांधून शेवटच्या एका पायरीत जोडले, तर अभिक्रिया दहाच होतात. पण कोणत्याही मालास सहाहून अधिक गिरण्या लागत नाहीत, आणि उतारा सव्वीसवर जातो. कष्ट तेवढेच आणि माल अडीचपट!

तिसरी गोष्ट झाकण्याची. एका रेणूवर सारखे दिसणारे दोन हात असतात आणि त्यांतल्या एकावरच काम करावयाचे असते. तेव्हा दुसरा तात्पुरता झाकून ठेवतात आणि काम झाल्यावर उघडतात. वडोदऱ्याकडच्या आपल्या सभासद भगिनींस हे एका शब्दात सांगता येईल: बांधणी. जेथे रंग नको तेथे गाठ. मात्र प्रत्येक गाठीमागे बांधणे आणि सोडणे अशा दोन पायऱ्या वाढतात, म्हणून कसबी मनुष्य शक्य तो गाठ न घालता रंगवितो.

वाट बदलल्याने काय होते ते पाहावयाचे तर अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेनचा दाखला पुरेसा आहे. १९६० नंतरच्या दशकात ठरलेली त्याची मूळ वाट सहा पायऱ्यांची होती आणि तीत घातलेल्या अणूंपैकी वजनाने सुमारे चाळीस टक्केच औषधात येत, बाकीचे गटारात. १९९२ साली अमेरिकेत टेक्सस राज्यात तीन पायऱ्यांच्या वाटेचा कारखाना सुरू झाला, आणि हे प्रमाण सत्त्याहत्तरवर गेले. उलट, ब-१२ जीवनसत्त्वाचे संश्लेषण हार्वर्डचे वुडवर्ड आणि झूरिकचे एशेनमोझर यांनी दोन खंडांत मिळून शंभराच्या आसपास रसायनशास्त्रज्ञांच्या श्रमांनी १९७२ साली पुरे केले. त्या वाटेने बाजारात एक चिमूटभरही माल आला नाही, तो आजही सूक्ष्मजंतूंकडूनच करून घेतात. मामेबंधू म्हणतात की, त्या खटपटीत जे शिकावयास मिळाले त्याचे मोल होत नाही. असेल. खतावणीत मात्र ते कोणत्या खात्यावर मांडावे, हे मला अजून कळलेले नाही.

आपल्या देशाच्या बाबतीत वाटेचे हे महत्त्व कायद्यानेच वाढविले. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला, आणि त्याअन्वये औषधाच्या मालावर मक्ता मिळेनासा झाला. मक्ता केवळ तो करण्याच्या रीतीवर. म्हणजे तेच औषध कोणी दुसऱ्या वाटेने करून दाखविले तर ते विकण्यास तो मोकळा. पुण्याची प्रयोगशाळा, हैदराबादची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबई-हैदराबादचे कारखाने यांतील माणसे वाटा शोधण्याच्या मागे लागली. कारण तीच त्यांची रोजी होती. हैदराबादच्या संस्थेत ए. व्ही. रामाराव यांच्या मार्गदर्शनाखाली एड्सवरील झिडोव्हुडिनची वाट आखली गेली आणि १९९० नंतरच्या दशकात ती सिप्लाने कारखान्यात उतरविली. २००१ साली याच कंपनीने तीन औषधांचा मिळून वर्षाचा खर्च ३५० डॉलर इतका खाली आणून देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत तो दहा हजारांच्या वर होता. १ जानेवारी २००५ पासून मालावरील मक्ता पुन्हा आला. मी कायदेपंडित नाही. परंतु ज्या तीस-बत्तीस वर्षांत आपल्या लोकांना वाट शोधण्याचे वळण लागले ती वर्षे फुकट गेली असे मला तरी म्हणवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

कॉर्टिझोन हे आपल्या शरीरातील एका ग्रंथीत स्रवणारे द्रव्य. मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये ते संधिवाताने अंथरुणास खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीस टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सारे जग औषध मागू लागले. पण औषध होते कोठे? मर्क कंपनीत ल्युइस सॅरेट यांनी जी वाट तयार केली होती, ती बैलाच्या पित्तातील एका आम्लापासून निघे आणि सुमारे छत्तीस पायऱ्या चढून कॉर्टिझोनपाशी पोचे. म्हणजे त्या कंपाउंडराचे म्हणणे निराधार नव्हते.

मामेबंधूंनी रोजमेळाच्या पानावर काढलेल्या त्या चार खोल्या याच रेणूच्या. पित्ताम्लात ऑक्सिजनचा एक अणू बाराव्या क्रमांकाच्या कोपऱ्यावर असतो. कॉर्टिझोनमध्ये तो अकराव्यावर हवा. तेथे नसेल तर औषधाचा गुण नाही. शेजारच्याच कोपऱ्यावर! परंतु ते एक पाऊल सरकविण्यात त्या छत्तीस पायऱ्यांपैकी मोठा भाग खर्ची पडे. आरंभीच्या उत्पादनात सुमारे ६१५ किलो पित्ताम्लापासून एक किलो कॉर्टिझोन अ‍ॅसिटेट हाती येई. हे आकडे ऐकल्यावर वडिलांनी तेथल्या तेथे हिशेब करावयास सांगितले. दोन्ही रेणूंचे वजन जवळजवळ सारखे, म्हणून वजनाचा हिशेब चालतो. मामेबंधूंनी तो केला: एकंदर उतारा हजारात दीड-पावणेदोन, पण दर पायरीस सरासरी शंभरास चौऱ्याऐंशी. म्हणजे एकही गिरणी वाईट नव्हती. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे पाहात राहिले.

भाव अर्थातच भयंकर होता. पहिल्यांदा ग्रॅमला दोनशे डॉलर. तो खाली आणला तो दुसऱ्या एका वाटेने, आणि ती वाट निघाली होती एका कंदापासून.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाचे रसेल मार्कर यांना असा एक वनस्पतिज पदार्थ हवा होता की, ज्यात त्या चार खोल्या निसर्गानेच बांधून ठेवल्या आहेत, म्हणजे आपणांस वरची अडगळ तेवढी उतरवावी लागेल. ते १९४२ साली मेक्सिकोत गेले आणि व्हेराक्रुझकडच्या रानातील एका कंदात त्यांना डायोस्जेनिन मिळाले. त्याचे कार्बन सत्तावीस. मार्करांनी शोधलेल्या थोड्याशा पायऱ्यांत त्यांतले सहा गळून एकवीस कार्बनांचे प्रोजेस्टेरॉन होई. त्यांनी स्वतः दोनएक किलो तयार केले. त्या वेळी त्याचा भाव ग्रॅमला ऐंशी डॉलर होता. १९४४ साली मेक्सिको शहरातील दोघांबरोबर त्यांनी सिंटेक्स ही कंपनी काढली. वर्षभरात नफ्याच्या वाटणीवरून बिनसले आणि मार्कर बाहेर पडले. भागीदारीचा कागद आधी नीट करावा, हे एवढ्या मोठ्या माणसाला कोणी सांगितले नाही.

उरला तो अकरावा कोपरा. तो १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी सोडविला. शिळ्या भाकरीवर येते त्या जातीच्या बुरशीला प्रोजेस्टेरॉन दिले, आणि जे काम रसायनशास्त्रज्ञांना इतक्या पायऱ्यांत करावे लागे ते तिने एका पायरीत केले. ऑक्सिजन नेमका अकराव्या कोपऱ्यावर ठेवला. पुढे काही वर्षांतच भाव ग्रॅमला सहा डॉलरांपर्यंत आणि त्याहूनही खाली आला. आईची गोळी प्रेडनिसोलोनची, हा कॉर्टिझोनच्या घराण्यातीलच १९५५ सालचा सुधारलेला वंशज.

इंदूर-उज्जैनकडील सोयाबीनच्या व्यापाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शिकागोच्या ग्लिडन कंपनीत पर्सी ज्युलियन नावाचे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ होते. सोया तेलाच्या एक लाख गॅलनच्या टाकीत पाणी शिरून तळाशी पांढरा साका धरला, म्हणून त्यांस बोलावणे आले. दुसरा कोणी असता तर खराब माल म्हणून उचलून टाकता. ज्युलियन यांनी तो स्टिग्मास्टेरॉल आहे हे ओळखले, आणि १९४० साली त्यापासून प्रोजेस्टेरॉन करण्यास आरंभ केला. आज या घराण्यातील औषधांचा मोठा भाग तेलबियांच्या अशाच गाळातील द्रव्यांपासून, सूक्ष्मजंतूंच्या मदतीने होतो. भारतात पूर्वी हिमालयातील कंद वापरीत. तो इतका खणला गेला की १९७५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

परंतु १९७९ साली आमच्या घरात तेलाचा गाळ नव्हे, कंद हाच प्रश्न होता. मामेबंधूंनी गोळ्या करणाऱ्या कंपनीस पत्र घातले होते. सहा आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले: मूळ द्रव्य वनस्पतिज, रानटी कंदापासूनचे. वडिलांना हायसे वाटले. आईने पत्र वाचून घेतले आणि म्हणाली, "बैल गेला, आणि कंद आला. कंद तरी आपला कुठला?"

आम्ही सगळे गप्प बसलो. बटाटा, रताळे, कांदा ज्या घरात कधी आला नाही, त्या घरात हे काही थट्टेने बोललेले नव्हते. पंचेंद्रिय जीव एक, की कंदातील अनंत एकेंद्रिय जीव. आणि त्यावर बुरशीचे. मामेबंधू रसायनात तरबेज, पण या हिशेबाला त्यांच्याजवळ आकडा नव्हता. बस्तीतील पंडितजींना विचारले. त्यांनी निर्णय दिला नाही. स्थावर आणि त्रस जीवांचे विवेचन त्यांनी आईस पुन्हा एकदा वाचून दाखविले, औषध म्हणून घेणे आणि जिभेसाठी खाणे यांत मनाचा भाव निराळा असतो एवढे सांगितले, आणि तुझे तू ठरव म्हणाले.

रात्री आईने मामेबंधूंना विचारले, "त्या कंदातलं गोळीत काय उरलंय?" त्यांनी पुन्हा ते पान काढले. सत्तावीसांपैकी एकवीस कोपरे त्यांनी तिला बोटाने दाखविले. सहा कोठे गळाले, ऑक्सिजन कोठे नव्याने आला, तेही दाखविले. आई फारशी शिकलेली नव्हती, पण तिने कोपरे स्वतः मोजले, आणि मोजून झाल्यावर पान घडी करून वडिलांकडे परत दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकासनाचे जेवण झाल्यावर तिने उकळलेल्या पाण्याबरोबर पहिली गोळी घेतली. गोळी चालू असेतोवर गोड पदार्थांचा त्याग, असा नियमही तिने त्याच वेळी घेतला. डॉक्टरांस हे कळले तेव्हा ते फार खूष झाले, कारण या औषधाने रक्तातील साखर वाढते आणि गोड कमी करा असे ते सांगणारच होते. पुढे तिचा चेहरा थोडा सुजला, हाडे ठिसूळ झाली. हे औषध काही फुकट देत नाही. पण माघ महिन्यात तिने जपमाळ पुन्हा हाती घेतली. मणी अंगठ्याशी मधूनमधून अडे, तेव्हा ती थांबे, बोट सरळ करी, आणि त्याच मण्यापासून पुढे मोजू लागे.